यीस्ट स्प्रेड कशासोबत खावं? पहिली बरणी उघडणाऱ्यांसाठी

यीस्ट स्प्रेडची बरणी पहिल्यांदा उघडणारे बरेच जण जॅम लावतात तसा त्याचा जाड थर टोस्टवर लावतात, एक घास घेतात आणि बरणी कपाटात मागे सरकवून देतात. इतक्या चांगल्या पदार्थाची ओळख पहिल्याच घासात संपावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. मार्माइट, व्हेजिमाइट किंवा स्वित्झर्लंडचं सेनोव्हिस, यांतलं काहीही आणलं असेल तरी आधी एवढं लक्षात घ्या की हा मिठामसाल्याच्या घरातला पदार्थ आहे. त्याला जोडीदार लागतो. तो कोण असावा, हे बरणीत काय आहे आणि काय नाही यावरून ठरतं.

आधी बरणीत डोकावू

बिअर तयार झाली की पिंपाच्या तळाशी यीस्टचा गाळ उरतो. हा गाळ आटवून खाण्याजोगा करता येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं. त्याच वाटेने १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट या गावात मार्माइट सुरू झालं. गाव दारूभट्ट्यांचं, त्यामुळे कच्चा माल हाताशीच होता. ऑस्ट्रेलियात सिरिल कॅलिस्टर यांनी मेलबर्नमध्ये व्हेजिमाइट तयार केलं आणि १९२३ मध्ये ते बाजारात आलं.

करण्याची पद्धत थोडक्यात अशी. यीस्टला ऊब आणि मीठ दिलं की पेशी मरतात, पण त्यांच्यातली एन्झाइम्स काम करत राहतात आणि पेशीतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात. या तुकड्यांत ग्लुटामेट, म्हणजे चवीला दाटपणा देणारा घटक, भरपूर असतं. मग पेशींची टरफलं गाळून काढतात, उरलेला द्राव आटवतात आणि त्यात भाज्यांचा किंवा मसाल्यांचा अर्क घालतात. हाती येतो तो जवळजवळ काळा, घट्ट आणि चमकदार लगदा.

या लगद्यात खारटपणा ठासून भरलेला असतो. ब्रिटिश मार्माइटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ते ११ ग्रॅम मीठ असतं. त्याच्या जोडीला ग्लुटामेटची दाट, तोंडभर रेंगाळणारी उमामी चव असते आणि शेवटी थोडा कडवटपणा येतो. स्निग्धपणा मात्र जवळजवळ नसतो. गोडवा नावालाच, ताजा आंबटपणा नाही, दाताखाली येईल असंही काही नाही. पुढच्या सगळ्या जोड्या या उणिवा भरून काढणाऱ्या आहेत. फक्त मशरूमची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे सांगते.

ब्रँडप्रमाणे स्वभाव थोडा बदलतो. ब्रिटिश मार्माइट चिकट आणि मधासारखं ओघळणारं असतं. व्हेजिमाइट घट्ट असतं, सुरीने ओढून पसरवावं लागतं. न्यूझीलंडचं मार्माइट वेगळी कंपनी बनवते. त्यात साखर आणि कॅरमल असल्यामुळे ते जरा सौम्य लागतं. खाली दिलेली मापं ब्रिटिश मार्माइट आणि व्हेजिमाइट यांच्यासाठी आहेत. सौम्य स्प्रेड असेल तर किंचित वाढवा.

पायरी पहिली: लोणी, आणि बाकी काही नाही

पहिला आठवडा फक्त टोस्ट, लोणी आणि स्प्रेड एवढंच खा. ही पायरी सोडून थेट चीज-टोमॅटोकडे गेलात तर स्प्रेडची स्वतःची चव कधी ओळखीची होणार नाही.

पाव चांगला खरपूस भाजा. मऊ, अर्धवट भाजलेल्या पावात स्प्रेड जिरतं आणि एखादा घास अचानक खारट लागतो. टोस्ट गरम असतानाच लोणी कडेपासून कडेपर्यंत लावा. नेहमी लावता त्याच्या दुप्पट लावा, इथे हात आखडू नका. मग अर्धा मिनिट थांबा. थोडं लोणी पावात मुरलेलं आणि थोडं वर तसंच राहिलेलं, ही वेळ नेमकी आहे.

आता चहाच्या चमच्याचा पाव भाग स्प्रेड घ्या. एका स्लाइसला एवढंच. सुरीच्या टोकावर घेऊन लोण्यावरून ओढत न्या. सगळीकडे सारखा रंग यायला हवा असं नाही. कुठे गडद रेघ, कुठे नुसतं पिवळं लोणी असं दिसलं तर उत्तम, कारण मग प्रत्येक घासाची चव थोडी वेगळी लागते आणि जीभ थकत नाही.

लोणीच का? मीठ आणि ग्लुटामेट पाण्यात विरघळतात, चरबीत विरघळत नाहीत. मध्ये लोण्याचा थर असला की ते लाळेत हळूहळू मिसळतात. चव तीच राहते, पण एकदम अंगावर येत नाही. लोणी बिनमिठाचं घ्या. मीठ बरणीतून पुरेसं येतं. दुग्धजन्य पदार्थ खात नसाल तर बिनमिठाचं वनस्पतिजन्य बटर चालेल. ऑलिव्ह तेल मात्र सुरुवातीला टाळा. ते पातळ असल्यामुळे स्प्रेडला धरून ठेवत नाही आणि त्याचा स्वतःचा कडवटपणा यात आणखी भर घालतो.

ज्यांना रोज सकाळी हे प्रमाण सांभाळायला वेळ नाही त्यांनी मिश्र लोणी करून ठेवावं. १०० ग्रॅम मऊ, बिनमिठाचं लोणी घ्या, त्यात दोन चहाचे चमचे स्प्रेड घालून काट्याने फेटा. रंग एकसारखा फिका तपकिरी झाला की झालं. हे फ्रिजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं. टोस्टवर लावता येतंच, शिवाय उकडलेल्या मक्याच्या कणसावर, गरम बटाट्यावर, वाफवलेल्या फरसबीवर एक तुकडा टाकला की दुसरं काही लागत नाही. घरात एखादा साशंक माणूस असेल तर त्याला आधी बरणी दाखवू नका, हे लोणी द्या.

पायरी दुसरी: चीज, अंडं, अॅव्होकाडो

लोणी जमलं म्हणजे स्निग्ध पदार्थांचं तत्त्व जमलं. आता त्याच जातीतले बाकीचे जोडीदार घेऊ.

चीजमध्ये नवख्यांनी आधी ताज्या, कमी खारट प्रकारांकडे जावं, म्हणजे क्रीम चीज, रिकोटा किंवा कॉटेज चीज. त्यांच्यात स्निग्धपणा असतो आणि किंचित आंबटपणाही, त्यामुळे दोन उणिवा एकदम भरून निघतात. मुरलेलं चेडर ही जुनी आणि उत्तम जोडी आहे, पण तिथे हात आवरावा लागतो. चीज मुरताना त्यातलीही प्रथिनं तुटून ग्लुटामेट मोकळं होतं, आणि त्यात मीठ असतंच. म्हणजे उमामीवर उमामी आणि मिठावर मीठ. चेडरसोबत स्प्रेड निम्मं करा.

चीज टोस्ट भाजताना स्प्रेड चीजच्या खाली लावा. वर लावलं तर आचेखाली ते करपतं आणि कडू होतं. पाव एका बाजूने भाजा, न भाजलेल्या बाजूला लोणी आणि स्प्रेडची पुसट रेघ द्या, त्यावर किसलेलं चीज पसरा आणि बुडबुडे येईपर्यंत भाजा. खायला घेण्याआधी मिनिटभर थांबा. कडक गरम असताना चवी कळत नाहीत.

अंड्याचं काम पिवळा बलक करतो, तो म्हणजे निसर्गाने दिलेला दाट सॉसच. ब्रिटनमध्ये अर्धकच्च्या उकडलेल्या अंड्यात बुडवायला टोस्टच्या बोटभर रुंद पट्ट्या कापतात. त्या पट्ट्यांना लोणी आणि स्प्रेड लावून बघा. उकळत्या पाण्यात अंडं सहा मिनिटं ठेवलं की बलक वाहता राहतो. ऑम्लेट किंवा स्क्रॅम्बल्ड अंडी करायची असतील तर स्प्रेड फेटलेल्या अंड्यात टाकू नका. त्याच्या गुठळ्या राहतात आणि सगळी अंडी मळकट दिसतात. पॅनमधल्या वितळत्या लोण्यात पाव चमचा मिसळा आणि मग अंडी ओता. मीठ घालू नका.

अॅव्होकाडो आणि व्हेजिमाइट ही ऑस्ट्रेलियातली आवडती जोडी आहे आणि ती का जमते हे उघड आहे. अॅव्होकाडोत भरपूर स्निग्धपणा असतो, पण खारटपणा अजिबात नसतो. दोघांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं ते आहे. टोस्टवर आधी स्प्रेडचा पातळ हात फिरवा, त्यावर अॅव्होकाडो काट्याने दाबून पसरा आणि वर लिंबाचे दोन-चार थेंब पिळा. लिंबू विसरू नका. त्याच्याशिवाय हे सगळं जड आणि सपाट लागतं.

आंबट आणि पाणीदार जोडीदार

टोमॅटो मला सगळ्यात जास्त आवडतो, पण तो थोडा नाठाळ आहे. त्यात आंबटपणा आणि गोडवा असतो, पिकलेल्या टोमॅटोत स्वतःचं ग्लुटामेटही असतं, म्हणजे कागदावर जोडी परिपूर्ण. अडचण पाण्याची. टोमॅटोचा रस स्प्रेडमधलं मीठ विरघळवतो आणि थेट जिभेवर आणून ठेवतो. म्हणून चकत्या कापून स्वच्छ कापडावर पाच मिनिटं ठेवा, पावावर लोण्याचा जाड थर द्या, मग स्प्रेड, मग टोमॅटो, वर मिरपूड. मीठ नाही.

काकडी आणि लेट्यूस हेच काम सोपं करतात. गारवा आणि कुरकुरीतपणा देतात, स्वतः फारसं बोलत नाहीत. काकडीच्या पातळ चकत्या, लोणी आणि स्प्रेडची पुसट रेघ असलेलं सँडविच उन्हाळ्यात फार छान लागतं. ते लगेच खा, डब्यात चार तास ठेवण्यासारखं नाही.

गोडाची जोडी

इथे नवख्यांचा विश्वास बसत नाही, पण मीठ आणि गोड यांची मैत्री जुनी आहे. खारटपणामुळे गोडवा उठून दिसतो आणि गोडव्यामुळे कडवटपणा मागे हटतो. पीनट बटर हे या बाजूचं सगळ्यात सुरक्षित दार आहे, कारण त्यात स्निग्धपणा आणि हलका गोडवा एकत्र असतात. मार्माइटने २०१९ मध्ये स्वतःच पीनट बटर मिसळलेली बरणी ब्रिटनमध्ये आणली. घरी करायचं तर बिनमिठाच्या पीनट बटरच्या दोन मोठ्या चमच्यांना अर्धा चहाचा चमचा स्प्रेड पुरतं.

मध लावायचा असेल तर लोण्यावर आधी स्प्रेड, वर मधाची बारीक धार. चॉकलेटमध्ये मिल्क चॉकलेट घ्या; डार्क चॉकलेटचा कडवटपणा आणि स्प्रेडचा कडवटपणा एकमेकांना वाढवतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅडबरीने व्हेजिमाइट घातलेलं चॉकलेट विकलं होतं, म्हणजे ही कल्पना केवळ घरगुती प्रयोगांपुरती नाही. मला स्वतःला कॅरमल सॉस त्याहून चांगला वाटतो. वाटीभर गरम सॉसमध्ये मिठाऐवजी पाव चमचा स्प्रेड ढवळा. यीस्टचा वास जाणवत नाही, पण चवीला खोली येते. केळं आणि स्प्रेड खाणारेही आहेत. मी ते नवख्यांना सुचवणार नाही.

मशरूम, आणि उमामीचा गुणाकार

आतापर्यंतचे जोडीदार स्प्रेडची उणीव भरत होते. मशरूम वेगळं काम करतं. १९०८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे दुसऱ्या जपानी संशोधकांना इनोसिनेट आणि ग्वानिलेट हे आणखी दोन उमामी घटक सापडले. ग्लुटामेटसोबत यांपैकी एक जरी आला तरी चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते, हेही सिद्ध झालं. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट भरपूर असतं, मांस आणि मासळीत इनोसिनेट असतं. बरणीत ग्लुटामेट आहेच. म्हणून मशरूमसोबत अगदी थोडं स्प्रेड वापरूनही मोठा परिणाम मिळतो.

करून बघा. २५० ग्रॅम बटण मशरूमचे जाडसर काप करा. रुंद पॅन चांगला तापवा आणि मशरूम तेलाशिवाय टाका. पहिली काही मिनिटं ढवळू नका. त्यांना पाणी सुटेल, मग ते आटेल, मग कडा तपकिरी होऊ लागतील. आता एक मोठा चमचा लोणी आणि ठेचलेली लसणाची पाकळी घाला. एका वाटीत अर्धा चहाचा चमचा स्प्रेड दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून घ्या आणि ते पॅनमध्ये ओता. मिनिटभरात ते मशरूमवर चकचकीत चढतं. आच बंद करा, लिंबू पिळा आणि चाखा. मीठ लागणार नाही.

वाळवलेले शिताके असतील तर चार-पाच मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, चिरून याच पॅनमध्ये घाला आणि ते भिजवलेलं पाणी गाळून स्प्रेड विरघळवायला वापरा. फरक पहिल्याच घासात कळतो.

शिजवताना वापरायचं तर

स्प्रेड थेट पातेल्यात टाकलं तर ते चमच्याला किंवा तळाला चिकटून बसतं. आधी गरम पाण्यात विरघळवा, मग घाला. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे भाजायच्या बटाट्यांना लावायचं असेल तरी आधी चमचाभर गरम पाण्यात पातळ करा, मग तेलासोबत चोळा. बटाटे लवकर गडद होतात, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत ओव्हनकडे लक्ष ठेवा.

चार जणांच्या सूपला, मसुराच्या स्ट्यूला किंवा कांद्याच्या ग्रेव्हीला एक सपाट चहाचा चमचा पुरतो. तो घातल्यावर चाखा, मीठ त्यानंतर. कांदा मंद आचेवर तपकिरी केला की त्यात गोडवा येतो आणि तो स्प्रेडला फार मानवतो. मांसाशिवाय केलेल्या ग्रेव्हीला जे भरीवपण कमी पडतं ते इथून मिळतं.

पास्ता हा सगळ्यात झटपट प्रकार. २०० ग्रॅम स्पॅगेटी नेहमीपेक्षा कमी मिठाच्या पाण्यात शिजवा आणि निथळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढा. ३० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात पाऊण चहाचा चमचा स्प्रेड आणि तीन मोठे चमचे पास्त्याचं पाणी घाला, एकजीव होईपर्यंत ढवळा, मग स्पॅगेटी घोळवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे लोणी आणि स्प्रेड फुटत नाहीत. वर पार्मेजान किसायचं तर अगदी थोडं, तेही खारट आणि ग्लुटामेटने भरलेलं असतं.

काय टाळावं, आणि जास्त झालं तर

सोया सॉस, ऑलिव्ह, अँचोव्ही, खारवलेलं मांस यांच्याबरोबर सुरुवातीला वापरू नका. तिथे मिठाची गर्दी होते. केल किंवा रॉकेटसारख्या कडू पानांबरोबर कडवटपणा वाढतो. नाजूक चवीच्या गोष्टी, म्हणजे ताजं मोझरेला किंवा कोवळी शतावरी, याच्याखाली दबून जातात.

टोस्टवर जास्त लागलं तर वर आणखी लोणी किंवा क्रीम चीज लावा आणि दुसरा स्लाइस ठेवून सँडविच करा. सूप खारट झालं तर बिनमिठाचं पाणी, दूध किंवा मलई वाढवा. बटाटा टाकून मीठ शोषलं जातं असं सर्रास सांगतात, पण बटाटा फक्त आपल्यात मुरेल तेवढं पाणी आणि त्याबरोबरचं मीठ घेतो. उरलेल्या सुपाचा खारटपणा तसाच राहतो. बटाट्याचा उपयोग एवढाच की पातेल्यातला एकूण ऐवज वाढतो.

आरोग्याचं थोडं

यीस्टच्या अर्कात ब गटातली जीवनसत्त्वं असतात आणि याचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ पासून काही वर्षं मुंबईत कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयावर संशोधन करत होत्या. मार्माइट दिल्यावर या स्त्रियांची तब्येत सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. बी-१२ मात्र यीस्टमध्ये मुळात नसतं, काही ब्रँड ते वरून घालतात. त्यासाठी घेत असाल तर लेबल वाचा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चहाचा एक चमचा स्प्रेड म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम मीठ. पाव चमच्याच्या हिशेबात हे सहज बसतं, पण रक्तदाबाचा त्रास असेल तर दिवसाच्या बाकीच्या मिठातून तेवढं कमी करा. लहान मुलांना पुसटसा हात पुरे.

एक सूचना गांभीर्याने घ्या. नैराश्यावर एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तर यीस्टचा अर्क खाऊ नका. त्यातल्या टायरामीनमुळे या औषधांबरोबर रक्तदाब अचानक धोकादायक वाढू शकतो. ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनीही लेबल पाहूनच घ्यावं, कारण मार्माइट आणि व्हेजिमाइट या दोन्हींत ग्लुटेन देणारी धान्यं येतात. बेकिंगसाठी मिळणारं कोरडं यीस्ट हा वेगळा पदार्थ आहे. ते याच्याऐवजी पावावर घालू नका.

बरणी फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. इतक्या मिठात ती कोरड्या कपाटात महिनोन्महिने टिकते, आणि गार झालेलं स्प्रेड पसरवणं कठीण जातं. चमचा कोरडा आणि लोण्याचा अंश नसलेला वापरा. बरणी संपत आली, कडांना चिकटलेलं सुरीने निघेना, की तिच्यात अर्धा कप गरम पाणी ओता, झाकण सैल ठेवून पाच मिनिटं थांबा, मग झाकण घट्ट लावून हलवा आणि ते पाणी त्या दिवशीच्या सुपात किंवा ग्रेव्हीत जाऊ द्या.